भाचीचा इव्हान्स गॅम्बिट आणि परत आलेलं प्यादं

माझी भाची ऑनलाइन ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारं झटपट बुद्धिबळ, खेळते, रेटिंग १५०० च्या आसपास, आणि तिला आक्रमक खेळायला मनापासून आवडतं. मागच्या वर्षी तिने लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरच्या एका अरीना टूर्नामेंटला (ठरलेला वेळ संपेपर्यंत एकामागून एक गेम्स) नाव घातलं, ३+२ चा टाइम कंट्रोल, म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं आणि दर चालीला वर २ सेकंद, दीड तासाची, आणि तीन आठवडे आधी मला म्हणाली, मामा, पांढऱ्याकडून असं काहीतरी दे की समोरच्याला दहाव्या चालीपर्यंत घाम फुटला पाहिजे. आम्ही इव्हान्स गॅम्बिट घेतला, म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादं देऊन हल्ला मिळवायची ओपनिंग. पहिली टूर्नामेंट वाईट गेली, दुसरी बऱ्यापैकी जमली, आणि मधल्या दीड महिन्यात तयारीत नेमकं काय बदललं ते इथे सविस्तर लिहून ठेवतोय, कारण गॅम्बिटची तयारी म्हणजे ट्रॅप पाठ करणं असं खूप जणांना वाटतं, मलाही वाटायचं, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

ज्यांनी इव्हान्स खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं, प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल मग काळ्याची, आणि आकड्यानंतर तीन ठिपके असले तर ती काळ्याची चाल.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५, इथपर्यंत साधी इटालियन ओपनिंग, आणि मग ४. बी४. प्यादं थेट समोरच्या उंटाच्या तोंडात. त्याने ते खाल्लं की ५. सी३ करून उंटाला हाकलायचं आणि लगेच डी४ ढकलून मधली घरं धरायची. म्हणजे एक प्यादं देऊन आपण वेळ आणि सेंटर घेतो, बाकी काही नाही. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श जहाजी कप्तानाने हे १८२० च्या दशकात शोधलं, १८३४ साली लंडनला ला बूर्दोने आणि मॅक्डॉनेल यांच्या मॅचेसमध्ये ते गाजलं, आणि १८५२ मध्ये बर्लिनला अँडरसनने डुफ्रेनला हरवलेला 'एव्हरग्रीन' गेम हाही इव्हान्सच. नंतर ते मागे पडलं, त्यात जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करच्या एका बचावाचा मोठा हात आहे, तो बचाव पुढे येईलच कारण आमची पहिली टूर्नामेंट त्यानेच बुडवली. १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने आनंदसमोर इव्हान्स काढला आणि २५ चालींत गेम संपवला. तो गेम मी भाचीला दाखवला तेव्हा तिने तो लागोपाठ तीनदा बघितला, आणि मग दुसरं काही शिकायला ती तयारच नव्हती.

पहिली तयारी मी अशी करून घेतली. ट्रॅप्स काढले, स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून तपासले, तिने ते घोकले. आमचा सगळ्यात लाडका हा होता: ५...उंट सी५ ६. डी४ काळ्याने डी४ वर मारलं, ७. कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणं), आणि आता काळ्याने हावरटपणे सी३ चंही प्यादं खाल्लं की ८. उंटाने एफ७ मारून शह, राजाने उंट घेतला, ९. वजीर डी५ शह, आणि पुढच्या चालीला वजीर सी५ चा उंट उचलतो. मोहरा परत आला, राजा उघड्यावर, कॅसलिंग गेलं. ब्लिट्झमध्ये समोरच्याला असं झालं की तो चार सेकंद नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. हे तिला इतकं पक्कं झालं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. उंट ए५ ला गेला तर मात्र मी तिला सांगितलं होतं की आधी कॅसलिंग करून टाक, राजा सुरक्षित झाला की मग सातव्या चालीला डी४. हे माझं सांगणं होतं, तिचं नाही, हे लिहून ठेवतो.

टूर्नामेंटमध्ये १३ गेम्स झाले, त्यातले ६ पांढऱ्याकडून. इव्हान्स बोर्डावर आला किती वेळा? २. एक सिसिलियन झाली, एक कारो-कान, या काळ्याच्या वेगळ्याच ओपनिंग, आणि दोनदा समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट बाहेर न काढता घोडा एफ६ ला आणला, म्हणजे टू नाइट्स, जिथे बी४ चा प्रश्नच येत नाही. तीन आठवडे ज्यावर घालवले ते सहातून दोनदा. आणि त्या दोनांत आमचा लाडका ट्रॅप एकदाही नाही.

पहिल्या इव्हान्समध्ये समोरच्याने प्यादं खाल्लंच नाही, ४...उंट बी६ करून मागे गेला. भाचीने एका सेकंदात ५. बी५ ढकललं, कारण घोड्यावर हल्ला होतोय, छान दिसतंय. घोडा ए५ ला गेला आणि आता तिचाच सी४ चा उंट हल्ल्यात, म्हणजे हल्ला करायला गेली आणि स्वतःच चाल गमावून बसली. तो गेम कसाबसा ड्रॉ झाला.

दुसरा गेम मात्र सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, तो नीट सांगतो. ५...उंट ए५ ६. कॅसलिंग डी६ ७. डी४ उंट बी६. लास्करचा बचाव म्हणतात तो हाच. काळा म्हणतो, घे तुझं प्यादं परत. ८. डी४ च्या प्याद्याने ई५ मारलं, काळ्याने डी६ च्या प्याद्याने परत मारलं, ९. वजीर घेतो डी८ शह, घोड्याने वजीर घेतला, १०. घोडा घेतो ई५, उंट ई६. प्यादी मोजा, बरोबरी. गॅम्बिटचं प्यादं आपलं आपल्याला परत मिळालं. पण वजीर गेले, हल्ला करायला काही उरलं नाही, आणि पांढऱ्याची ए२ आणि सी३ ची प्यादी एकेकटी पडलीत, शेजारी आधार द्यायला कोणी नाही, तर काळ्याची वजिराकडची तीन प्यादी एकमेकांना धरून बसलीत. म्हणजे आता एंडगेम, आणि तोही काळ्याला सोपा जाणारा. ज्या मुलीने तीन आठवडे फक्त राजा पळवायची स्वप्नं बघितली तिच्यासमोर हे.

त्यात तिने बर्सर्क केलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, अरीनात जिंकल्याचे २ पॉइंट, ड्रॉचा १, लागोपाठ दोन जिंकलात की त्यापुढचे दुप्पट मिळायला लागतात, आणि गेमच्या सुरुवातीला बर्सर्कचं बटण दाबलं तर तुमचा वेळ अर्धा होतो, इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीला मिळणारे जादा सेकंद, जातं, पण जिंकलात तर १ पॉइंट जास्त. गॅम्बिट आहे, पंधरा चालींत संपेल, मग बर्सर्क का नको, असा आमचा हिशेब होता. म्हणजे तिच्याकडे दीड मिनिट, समोरच्याकडे तीन मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला २ सेकंद. गेमनंतर चालींचे वेळ बघितले तर दहाव्या चालीपर्यंत सगळं फटाफट, आणि अकराव्या चालीला ३१ सेकंद. एकाच चालीला ३१. तिला विचारलं तर म्हणाली, मामा, वजीर गेल्यावर मला कळेचना की मी आता करायचं काय, मी हल्ला शोधत होते आणि हल्ला नव्हताच. पस्तिसाव्या चालीच्या आसपास पोझिशन अजून धरण्यासारखी होती, पण घड्याळ संपलं.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ तो बोर्ड उघडा ठेवून बसलो होतो. मला खरंच वाईट वाटलं, कारण तिने मेहनतीत कसूर केली नव्हती. चूक तयारीत होती. आम्ही समोरचा प्यादं खाईल आणि खात राहील एवढंच गृहीत धरलं होतं. तो प्यादं परत देईल, किंवा घेणारच नाही, याचा विचार केला नव्हता, आणि गॅम्बिट जाणणारा माणूस हेच तर करतो. प्यादं देताना आपण समोरच्याला निवड देतो, खा, नको म्हण, किंवा खाऊन परत कर. तिन्हींची उत्तरं आपल्याकडे नसतील तर आपण फक्त प्यादं दिलेलं असतं.

दुसऱ्या तयारीची सुरुवात बोर्डावर नाही तर मोजणीतून केली. तिचे पांढऱ्याकडचे शेवटचे ५० गेम्स काढले आणि तिसऱ्या चालीला काय येतं ते कागदावर लिहिलं. उंट सी५ आणि घोडा एफ६ जवळपास सारखेच येत होते. मग ओपनिंग एक्सप्लोररमध्ये (कुठल्या पोझिशनला लोक किती वेळा काय खेळले ते दाखवणारं साधन) तिच्या रेटिंगचा पट्टा आणि ब्लिट्झ असे फिल्टर लावून काळे काय काय उत्तरं देतात ते बघितलं. हे फार महत्त्वाचं आहे असं मला आता वाटतं, कारण मास्टर्सच्या गेम्समध्ये जे येतं आणि १५०० च्या ब्लिट्झमध्ये जे येतं त्यात जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि अरीनात पुढचा प्रतिस्पर्धी कोण हे गेम सुरू होईपर्यंत कळतच नाही, त्यामुळे माणूस बघून तयारी करता येत नाही, पट्टा बघूनच करावी लागते.

सगळ्यात मोठा बदल एका चालीचा. उंट ए५ ला गेल्यावर सहाव्या चालीला कॅसलिंग नाही, सरळ ६. डी४. काळ्याने डी६ केलं की ७. वजीर बी३. बघा आता, एफ७ वर उंट आणि वजीर दोघांचा नेम, काळ्याला ते घर सांभाळायला बहुतेक वेळा वजीर डी७ करावं लागतं, आणि तो वजीर तिथे उभा राहिला की त्याच्याच सी८ च्या उंटाची वाट बंद. आणि मुख्य गोष्ट, आपला वजीर डी१ वर नाहीच, मग डी फाइल, म्हणजे डी ची उभी रांग, उघडली तरी वजिरावजिरी होणार कशी? लास्करचा सगळा डाव वजीर काढून टाकण्यावर उभा होता, तो इथे तसा चालत नाही. हे मी तिला सांगितलं नाही, दोन्ही पोझिशन शेजारी शेजारी लावल्या आणि फरक शोध म्हटलं. दोन मिनिटांनी ओरडली, मामा, वजीर! ते तिच्या डोक्यात जे बसलं ते पाठांतराने कधीच बसलं नसतं.

पुढे ८. डी४ च्या प्याद्याने ई५ मारायचं. काळ्याने लगेच डी६ च्या प्याद्याने परत मारलं तर ९. कॅसलिंग उंट बी६ १०. हत्ती डी१, हत्तीची धाव थेट डी७ च्या वजिरावर, आणि पांढऱ्याला खेळायला मजा येते. पण काळ्याने परत न मारता आधी ८...उंट बी६ केलं तर ते जास्त चांगलं, मग घोडा ए५ ची धमकी आहे. तिथे आम्ही ९. घोडा बीडी२ (म्हणजे बी१ चा घोडा डी२ वर) घोडा ए५ १०. वजीर सी२ असं धरलं. काळा घोड्याने सी४ चा उंट घेतो, आपण घोड्याने परत घेतो, त्याला दोन उंट मिळतात, आपल्याला मोहरे बाहेर आलेले आणि मधे खेळ. इंजिन इथे बरोबरीच्या आसपासच दाखवतं, आणि मी तिला स्पष्ट सांगितलं की इव्हान्समध्ये काळ्याने नीट खेळलं तर इंजिन तुला कधीच मोठा आकडा दाखवणार नाही, तू आकड्यासाठी हे खेळत नाहीयेस, तुला कळणारी आणि त्याला न कळणारी पोझिशन मिळावी म्हणून खेळतेयस.

सहाव्या चालीला काळ्याने डी४ वर मारलं तर ७. कॅसलिंग, आणि हावरट गडी इथे सी३ पण खातो. मग ८. वजीर बी३ वजीर एफ६ ९. ई५. हे प्यादं घोड्याने खाल्लं तर १०. हत्ती ई१, घोडा राजासमोर पिनमध्ये अडकला, म्हणजे हलला तर मागच्या राजाला शह, म्हणून हलूच शकत नाही, त्याने डी६ करून आधार दिला की ११. वजीर बी५ शह, आणि त्याच आडव्या रांगेत ए५ चा उंट लटकलेला. राजा वाचवला की उंट गेला. तिने हे स्वतः शोधलं, मी फक्त 'घोड्याने खाल्लं तर?' एवढंच विचारलं होतं. त्याने ९...वजीर जी६ केलं तर १०. घोडा घेतो सी३ घोडा जीई७ ११. उंट ए३, दोन प्यादी कमी पण सगळे मोहरे बाहेर.

बाकीच्या फाट्यांवर कमी वेळ घातला. ४...उंट बी६ ला ५. बी५ नाही तर ५. ए४, पुढे ए५ ची धमकी, म्हणजे उंटाला धड जागा राहत नाही म्हणून काळा बहुतेक ए६ करतो, मग शांतपणे इटालियनसारखं खेळायचं, गॅम्बिट राहिला नाही म्हणून रागवायचं नाही. ४...घोड्याने बी४ खाल्लं तर ५. सी३ घोडा सी६ ६. डी४, आणि गंमत म्हणजे ही तंतोतंत उंट सी५ वाली पोझिशन आहे, वेगळं काही शिकायचंच नाही. टू नाइट्ससाठी त्याच स्वभावाचं काहीतरी हवं होतं म्हणून ४. डी४ घेतलं, काळ्याने मारलं की ५. कॅसलिंग, घोड्याने ई४ खाल्लं तर ६. हत्ती ई१ डी५ ७. उंट घेतो डी५ वजीर घेतो डी५ ८. घोडा सी३. ही आठवी चाल बघितल्यावर कोणालाही वाटतं की मोहरा फुकट दिला, पण डी४ च्या प्याद्याने सी३ चा घोडा घेतला तर डी५ चा वजीर जातो, आणि ई४ चा घोडा पिनमध्ये असल्याने पळू शकत नाही. मोहरा परत येतो.

सरावाची पद्धत पण बदलली. आधी ती चाली घोकायची, आता आम्ही पोझिशन सेट करून तिथून ३+२ चे गेम्स खेळायला लागलो, ७. वजीर बी३ वजीर डी७ पासून, आणि अर्धे गेम्स तिला काळ्याकडून. काळ्याकडून बसवण्याचा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त झाला. पाच-सहा गेम्सनंतर म्हणाली, मामा, तू घाई करतोस तेव्हा मला बरं वाटतं, मी मारामारी करून मोकळी होते, पण तू नुसता हत्ती आणून ठेवतोस ना तेव्हा मला गुदमरायला होतं. हे तिने तिच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं. फाइलमध्ये प्रत्येक फाट्याखाली चालींच्या खाली एक ओळ तिच्या शब्दांत, ही चाल का. वजीर बी३ खाली लिहिलंय, 'एफ७ वर दोघं, त्याचा वजीर डी७ ला आला की स्वतःचाच उंट कोंडला.' इंजिन आम्ही फक्त तयारीत वापरलं, गेम चालू असताना ते टॅबमध्येही उघडं नको, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

आणि बर्सर्क पांढऱ्याकडून पूर्ण बंद. गॅम्बिटमध्ये पहिल्या दहा चाली फुकट मिळतात, म्हणजे वेळ वाचतो, पण तो वाचलेला वेळ अकराव्या ते अठराव्या चालीत खर्च करायचा असतो, तो आधीच अर्धा करून टाकला तर मग गॅम्बिटचा उपयोग काय.

दुसरी टूर्नामेंट त्याच प्रकारची, १२ गेम्स, पांढऱ्याकडून ६. इव्हान्स यावेळी ३ वेळा आला, टू नाइट्स २ वेळा, त्यात एक जिंकली एक हरली, उरलेला एक सिसिलियन हरली. पहिल्या इव्हान्समध्ये गंमत बघा, तो जुना लाडका ट्रॅप आला, समोरच्याने सी३ खाल्लं, एफ७ वर उंट, वजीर डी५ शह, आणि वीस चालींच्या आत मात. पण मला आनंद झाला तो दुसऱ्याचा. ५...उंट ए५ ६. डी४ डी६ ७. वजीर बी३ वजीर डी७ ८. प्यादं घेतो ई५ उंट बी६, म्हणजे समोरच्याला हे माहीत होतं. तिने घोडा बीडी२, मग वजीर सी२, सगळं मिळून बारा सेकंदांत. उंटाच्या बदल्यात घोडा गेला, आणि सोळाव्या चालीला तिने हल्ला न करता हत्ती डी१ ला आणून ठेवला. नुसता आणून ठेवला. समोरच्याने तिथे ४० सेकंद घातले. पुढे ४४ चालींचा एंडगेम झाला आणि तिने तो एका प्याद्याच्या जोरावर जिंकला. तोच एंडगेम, ज्याला ती घाबरायची.

तिसरा हरली. ५...उंट ई७ ६. डी४ घोडा ए५, आणि इथे घोड्याने ई५ खाण्याचा मोह होतो पण मग काळा उंट घेऊन डी५ करतो आणि आरामात बसतो, म्हणून कास्पारोव्हने आनंदविरुद्ध केलं तसं ७. उंट ई२, हे तिने बरोबर केलं. प्यादं घेतो डी४, ८. वजीर घेतो डी४ घोडा एफ६ ९. ई५ घोडा सी६, वजिरावर हल्ला, आणि इथे वजीर एच४ ला जायला हवा होता, राजाच्या बाजूला, तिने तो डी१ ला परत आणला. एवढ्याने सगळी धार गेली, काळ्याने दोन चालींत डी५ करून मोकळा श्वास घेतला, आणि एक प्यादं कमी ते कमीच राहिलं. विचारलं तर म्हणाली, एच४ आठवत होतं पण का ते आठवेना, म्हणून भीती वाटली. फाइल उघडून बघितली तर त्या चालीखालची ओळ रिकामी होती, उंट ई७ चा भाग मीच घाईत चाली टाकून ठेवला होता.

आता रोज रात्री दोन गेम्स चालू आहेत, पोझिशन नवव्या चालीनंतरची, काळा सी६ ला घोडा आणून वजिराला हाकलतोय. पहिले दहा गेम्स ती काळ्याकडून खेळणार आहे, मी वजीर एच४ ला नेणार आणि ती मला अडवणार. त्या चालीखालची ओळ दहा गेम्स झाल्यावर ती लिहील.